घट्ट होत आलेला साबण

१४ एप्रिल १९८३, सकाळी
आज जयंती. संकल्प करायचा तर आजच. साबण करणार. अण्णा म्हणतात, नुसतं सायन्स सायन्स करू नकोस, हातानं काहीतरी करून दाखव, नाहीतर जूनमध्ये अकरावीला गुमान आर्ट्स. एक मेला नव्या जिल्ह्याचं पहिलं महिला प्रदर्शन आहे. तिथं टेबल सांगून ठेवलं. साबण अजून झालेला नाही, पण टेबल मिळालं म्हणजे निम्मं काम झालंच.

चौथीपर्यंत मला अण्णांनीच घरी शिकवलं. त्यामुळे पुढचंही आपल्याला विचारूनच शिकावं असं त्यांना वाटतं.

१५ एप्रिल
पुस्तकात खोबरेल लिहिलंय. घरात वेणीपुरतंच आहे. कोंडाआत्यानं नायगावहून घाण्याचं करडईचं तेल आणलंय, डबाभर. तेल ते तेल. आत्या म्हणाली, पंचे, खायाचं तेल न्हाणीत ओतून राहिली का गं? म्हटलं, आत्या, हे रसायनशास्त्र आहे. म्हणाली, हाय का? मंग तुझ्या शास्त्रात भाजी कशात करायची ते बी बघून ठिव.

१७ एप्रिल, दुपारी
कॉस्टिक सोडा उडाला तर कातडी जाते. काळजी घेतलेली बरी. अण्णांचा रेनकोट, अण्णांचा गॉगल, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. अंगणात ढवळायला उभी राहिले. रेनकोट गेल्या वर्षी पेटीबाहेर निघालाच नव्हता. शेजारच्या गुरम्मामावशी पळत आल्या, मागं अर्धी गल्ली. काय गं पंचशीला, कलेक्टर कचेरीत पावसाची तार आली काय? (अण्णा तिथं क्लार्क आहेत.) नाही म्हटलं. तरी गल्लीतल्या दोघींनी छपरावर घमेली ठेवलीच. लोकांना खोटी आशा लावली म्हणून जिवाला चैन पडेना. घरोघर जाऊन खुलासा करून आले. तेवढ्यात ढवळायचं राहिलं. फार नाही.

२० एप्रिल
घट्ट होत आहे. बोट आत जातं, पण सहज नाही.

२३ एप्रिल
सहज जातं. उकाड्यामुळे. अण्णांना सांगितलं, घट्ट होत आलाय. खोटं नाही. परवापेक्षा आज ताटाला जास्त चिकटलाय.

२६ एप्रिल
वर पोळपाट, त्यावर पाटा ठेवला. साबण चारी बाजूंनी बाहेर आला. कडा सुंदर निघाल्या. आत्याला विनंती केली की त्याला शिरा म्हणू नकोस. तिनं ऐकलं. आता खळ म्हणते.

३० एप्रिल
साबणाची वडीच हवी, हा जुना विचार. पळसाच्या द्रोणांत भरला. लई देखणा दिसतो. (लई लिहायचं नाही असं ठरलं होतं. उद्यापासून.)

१ मे, संध्याकाळी
बक्षीस!!! परीक्षक बाई म्हणाल्या, फेस दाखवा. मंडपात टँकर आलाच नव्हता. पाणी काय ते पाहुण्यांच्या पेल्यांत. मी प्रामाणिकपणे सांगितलं, बाई, याला अजून पाणी लावलेलंच नाही. बाई खूश. म्हणाल्या, दुष्काळात असाच साबण पाहिजे, बिनपाण्याचा! त्यांचा गैरसमज दूर करायला मागं धावले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या. उत्तेजनार्थ, एक बादली. अण्णांनी ती गल्लीभर मिरवली. पोरगी माझ्या हाताखाली शिकलीय, म्हणाले.

२ मे
अण्णांनी आज आंघोळीला माझाच साबण घेतला. कचेरीत सगळ्यांना वास द्यायचा म्हणाले. फेस आला नाही. साबण गेलाही नाही. बोअरच्या जड पाण्यात त्याची पांढरी साय धरली. अण्णा न्हाणीतून ओरडत होते, आण गं आणखी! अंघोळीचं पाणी संपलं, मग पिण्याची घागर, मग गुरम्मामावशींची घागर. बक्षिसाची बादली फार उपयोगी पडली. अण्णा वहाणेत घसरत कचेरीला गेले. तिथं म्हणे फायली हातात राहिनात. गुरम्मामावशींना विचारलं, घागर कधी परत करू? म्हणाल्या, आता रेनकोट घालशील तेव्हा.

दिवसभर रडले. आर्ट्सची पुस्तकं बरी असतात, असं मनाला सांगत होते.

३ मे
अण्णा म्हणाले, घे सायन्स. आनंदानं विचारलं, म्हणजे साबण पटला ना? म्हणाले, तिथं ढवळताना निदान कुणीतरी मास्तर शेजारी उभा असतो.

म्हणजे पटला.

आत्या उरलेल्या द्रोणांनी तवा घासून राहिली आहे. म्हणते, वरून भरपूर राख घातली की लई चांगला निघतो.