सफाईत गेलेलं शटल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भावजींची कंबर आता कशी आहे? इकडे बाबा ठणठणीत आहेत आणि आजपासून माझ्याशी पुन्हा बोलू लागले आहेत. मधले नऊ दिवस ते फक्त भिंतीशी बोलत होते ("कुणीतरी पंखा बंद करा" वगैरे). का ते सविस्तर लिहितो. घाबरू नकोस, शेवट गोड आहे.

बाबांनी काढलेलं ते अंगणातल्या बॅडमिंटनचं रीळ तुला आठवत असेलच. आई हलताना दिसते अशी आपल्याकडे तेवढी एकच फिल्म. मागच्या महिन्यात कपाट उघडलं तर डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास. फिल्म सडायला लागली की असा वास येतो म्हणतात, म्हणून मी ती तडक जुन्या फिल्मची फाइल करून देणाऱ्या दुकानात नेली. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई बसतात. त्यांनी विचारलं, "पाहायचीय की जपायचीय?" मला वाटलं, दोन्ही एकच. तसं नसतं. पाहायला छोटी एमपी-फोर फाइल, ती फोनवरही चालते. जपायला प्रत्येक चौकट जशीच्या तशी ठेवलेली भलीमोठी फाइल, जिच्यापुढे आपला कॉम्प्युटर मान टाकतो. भावजींनी फोनवरून डीव्हीडीचा आग्रह धरला (त्यांच्याकडे प्लेअर आहे, त्याच्यावर सध्या कुंडी असते, हे तूच सांगितलंस). मी नेहमीप्रमाणे शहाणपणा केला. छोटी फाइल सांगितली आणि फॉर्मवर "आपोआप सफाई"च्या चौकोनात खूण केली. खालचा चौकोन होता "मूळ फिल्म परत नको". तो वास पुन्हा घरात कशाला, म्हणून तिथेही केली. फॉर्म दिसला की माझा हात सैल सुटतो, हे तुला माहीत आहे.

फाइल आली. बाबांना खुर्चीत बसवून टीव्ही लावला. चित्र अगदी लख्ख. आई आणि तू, हातात रॅकेटी, आणि शटलच नाही. आई हवेत फटका मारते, तू हवेत झेप घेतेस, मध्ये काहीच नाही. दोघी जीव तोडून डास मारताहात असं वाटत होतं. त्या सफाईच्या यंत्राला उडणारं पांढरं शटल म्हणजे धुळीचा कण वाटला आणि त्याने तो एकेका चौकटीतून पुसून टाकला होता. बाबांनी एवढंच विचारलं, "मूळ फिल्म कुठाय?" मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून भिंत.

ताई, खरी भीती वाटली ती त्यानंतर. शटल गेलं ते गेलं, पण यंत्राने आईचं आणखी काय काय धूळ समजून पुसलं असेल, या विचाराने मला जेवण जाईना. त्यातून दुकानाला कुलूप (बाई गावाला गेल्या होत्या). काल त्या आल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, खणातून डबा काढला आणि पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, "त्या चौकोनात सगळेच खूण करतात आणि सगळेच परत येतात. म्हणून मी वर्षभर काही टाकतच नाही." मग ती भलीमोठी फाइल करून घेतली, सफाईविना, ओरखड्यांसकट. ती दोन ठिकाणी ठेवली आणि पाहण्यासाठी तिच्यावरूनच एक छोटी काढली. शटल परत आलं. आज बाबांनी ती सात वेळा पाहिली आणि आठव्यांदा मला म्हणाले, "जरा सरक, दिसत नाही." इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. शटल दिसायला लागल्यापासून हेही दिसतं की तू त्याला एकदाही रॅकेट लावलेली नाहीस. "मी आईला हरवलं होतं" असं तू मुलांना सांगत आली आहेस, तेव्हा त्यांच्यासाठी सफाईवाली फाइलही ठेवली आहे. काळजी नसावी.

ता. क. २. पत्र खरं तर यासाठी. शेवटी आई रॅकेट खाली ठेवून कॅमेऱ्याजवळ येते आणि काहीतरी म्हणते. फिल्म मुकी आहे; कुठल्याही फॉरमॅटमध्ये आवाज येणार नाही, असं बाई म्हणाल्या. बाबा म्हणतात, ती "चहा टाकू का" म्हणाली. मला पटत नाही, चहासाठी कुणी इतकं हसत नाही. मी तेव्हा पाळण्यात होतो, तू सात वर्षांची होतीस आणि तिच्या शेजारीच उभी आहेस. आठवलं तर लगेच लिही. नाही आठवलं, तर काहीतरी ठरवून लिही. फक्त ते ठरवलेलं आहे, हे मला कळवू नकोस.