शिल्लक एकशे दहा

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. या महिन्यात ये म्हणतेस, पण इकडे मी मोठ्या अडचणीत आहे. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. अडचण आमच्या हॉलिडे क्लबची आहे. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा हौसेने सभासद झालो होतो, ते तुला आठवत असेलच, कारण तू तेव्हा मला वेड्यात काढलं होतंस. क्लब दरवर्षी पॉइंट देतो आणि त्यांवर त्यांच्या हॉटेलांत राहता येतं. यंदा आमचे एकशे दहा पॉइंट शिल्लक आहेत आणि एकतीस ऑगस्टला ते बाद होणार.

एकशे दहात धड काहीच बसत नाही. आठवड्याला ते कमी पडतात आणि दोन दिवस राहिलो तर निम्मे वाया जातात. तू म्हणशील, जाऊ देत. पण ताई, मी तीस वर्षं डेपोत बसगाड्यांची वेळापत्रकं बसवली. अर्धी गाडी रिकामी जाताना दिसली की अजून मी रिकाम्या सीट मोजत बसतो.

आता मार्ग सापडलाय. क्लबची दुसऱ्या क्लबांशी अदलाबदल योजना आहे. आपले उरलेले पॉइंट तिथे जमा करायचे, की त्यांच्या हॉटेलांतल्या खोल्या आपल्याला खुल्या होतात. मुदत मात्र तीच. फोनवर एक गोड आवाजाची मुलगी असते, ती न कंटाळता सगळं समजावून सांगते. एवढं मार्गी लागलं की तुझ्याकडे यायचं नक्की.

हिचा नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे, त्याला तरी शेवटची तारीख नको.

तुझा,
कंडक्टर


१३ जून

चि. कंडक्टरास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षांत तू त्या क्लबच्या हॉटेलात एकदाच गेलास, तेही सभासद व्हा म्हणून गळ घालायला त्यांनी फुकट नेलं तेव्हा. त्यानंतर कधी पॉइंट कमी पडले म्हणून घरी राहिलास, कधी जास्त झाले म्हणून. माझ्या दुकानात बाबांच्या काळापासून रोज चिंध्या उरतात. त्या वाढून मोठ्या होतील म्हणून मी कधी बसून राहिले नाही. उरली तेवढ्याची पिशवी शिवली, नाहीतर उशीत भरली.

आता थट्टा पुरे. माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकले. सुईत दोरा ओवायला मला शेजारणीला हाक मारावी लागते. तेव्हा मी शिवण बंद करून लेकीकडे कायमची राहायला जातेय. दुकान आणि मागच्या दोन खोल्या वीस ऑगस्टला नव्या भाडेकरूंच्या ताब्यात द्यायच्यात.

राहता राहिलं बाबांचं कापड बेतायचं टेबल. त्यांनी ते खोलीतच बनवून घेतलं होतं, त्यामुळे कुठल्याच दारातून ते बाहेर निघत नाही. सुतार म्हणतो, करवत चालवावी लागेल. करवत चालवायची की ते तिथेच सोडून जायचं, हे मी एकटी ठरवणार नाही. तुझं अर्धं लहानपण त्याच्याखाली बस चालवण्यात गेलंय. वीस तारखेच्या आत ये. गादी आहे, पांघरूण आहे, त्यांना पॉइंट लागत नाहीत.

भावजयीचा कोट खांद्यात उसवलाय म्हणत होती. तो आण, शेवटचा शिवून देईन. माया आहेच तुझी, ती जरा समोर येऊन कर.

तुझी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! योजनेच्या यादीत थेट तुझ्या गावाचं नाव निघालं. तुमच्या गल्लीच्या टोकाला साबणाचा कारखाना होता ना, त्याचं म्हणे हॉटेल झालंय. वरच्या मजल्यावरून आपलं मागचं अंगण दिसत असणार. मी लगेच अर्ज टाकला. तुझ्याकडे बांधाबांध चालू असणार, त्यात आमची अडगळ नको. दिवसभर तुझ्याकडे, झोपायला हॉटेलात.

फक्त एक झालं. एकशे दहा थोडे कमी पडत होते म्हणून त्या मुलीने पुढच्या वर्षीचे आगाऊ घ्या असं सुचवलं. आगाऊ घ्यायचे तर पन्नासच्या खाली मिळत नाहीत. म्हणजे आता झाले एकशे साठ आणि मला भीती कमी पडण्याची नसून उरण्याची आहे. पण होईल काहीतरी.

टेबलाचं वाचलं. त्यावर आल्यावर बोलू. प्रतीक्षायादीत आमचा नंबर तिसरा आहे आणि तुझ्या मनात पहिला असेल अशी आशा.

तुझा,
कंडक्टर


१४ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय. मी कळवलं हे कृपा करून सांगू नका.

तुमचं टेबलाचं पत्र आलं त्या दिवशी यांनी टेप काढून आमचा दरवाजा मोजला, मग खिडकी मोजली, मग मला विचारलं की ताईच्या दुकानाचं दार किती रुंद असेल. मी म्हटलं, जाऊन मोजा. तर हे उठून सरळ फोनपाशी गेले आणि त्या मुलीशी पाऊण तास बोलले. आता ती यांना काका म्हणते.

गेल्या आठवड्यात तिने एक ऑगस्टपासूनचा आठवडा देऊ केला होता. तुमच्याच गल्लीतल्या हॉटेलात. त्याला एकशे तीस लागत होते, तीस उरले असते. यांनी नको म्हणून सांगितलं, याहून चांगलं मिळेल म्हणाले. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

वन्सं, मला वाटतं यांना ते घर रिकामं होताना बघवणार नाही. तसं तोंडाने कधी कबूल करायचे नाहीत. तुमच्याकडे निघायचं म्हटलं की यांना पॉइंट आठवतात. मी बॅग भरून दारामागे ठेवलीय, वरतीच उसवलेला कोट आहे. तुम्हीच जरा कान धरा. मोठ्या नणंदेचा तेवढा हक्क आहे आणि मला तेवढा आधार.

तुमची,
भावजय


३१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं! तुझं रागावलेलं कार्ड आलं त्याच दिवशी फोन आला. तुझ्याच गल्लीत पूर्ण आठवडा, चौघांची मोठी खोली आणि लागतात नेमके एकशे साठ. ताई, शिल्लक शून्य! नोकरीतसुद्धा माझी गाडी इतकी गच्च कधी भरली नव्हती. मुलगीसुद्धा म्हणाली की असा हिशेब बसलेला तिने पाहिला नाही. तेवीस ऑगस्टला दुपारी आम्ही पोचतो. आता तुला तक्रारीला जागा नाही.

तुझा,
कंडक्टर

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिने कॅलेंडर समोर धरलं आणि विसावर बोट ठेवलं. मी लगेच फोन केला. एकदा पक्कं झालेलं बदलता येत नाही म्हणे, बदललं तर सगळेच बाद. नव्या भाडेकरूंना आठवडाभर थांबायला सांगता येईल का?


८ ऑगस्ट

चि. कंडक्टरास,
अ. उ. आ.

नव्या भाडेकरूंचा ट्रक ठरलाय, ते थांबणार नाहीत आणि मी त्यांना विचारणारही नाही. त्यांच्यातला नवरा बुकबाइंडर आहे. टेबल पाहून त्याने त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, हे मला हवंच होतं. मी देऊन टाकलं. ठरवायला तू नव्हतास.

विसाच्या आधी साधं तिकीट काढून ये, असं लिहिणार होते. नाही लिहीत. बोलावून बोलावून जीभ झिजली. लेक मला न्यायला वीसलाच येतेय. तू हॉटेलात सुखाने राहा, खिडकीतून अंगण बघ. आशीर्वाद देतेय, पण रागाने देतेय, हे लक्षात असू दे.

ताई


१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी कुठल्याही दिवशी येऊ शकलो असतो. आपल्या दोन गावांमधल्या गाड्यांच्या वेळा मीच बसवल्यात, मला विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. मला भीती वाटली. दुकानात तू नाहीस, मशीन नाही, नुसतं टेबल, हे डोळ्यांपुढे यायचं आणि मी पॉइंट मोजायला बसायचो. एवढ्या वयात हे लिहायला लाज वाटते.

खोली चौघांची आहे. पाहुण्यांच्या यादीत मी पहिलं नाव तुझं घातलंय. तीन दिवस थांब. रागाने थांबलीस तरी चालेल.

तुझा,
कंडक्टर


५ सप्टेंबर

चि. कंडक्टरास,
अ. उ. आ.

लेकीकडे सुखरूप पोचले. तिला दहा दिवस उशिरा बोलावलं तेव्हा वैतागली होती. मी शेजारणीच्या सोफ्यावर तीन दिवस काढून त्याच गल्लीतल्या हॉटेलात आठवडाभर राहिले, हे कळल्यापासून ती ज्याला त्याला सांगत सुटलीय.

आणि खरंच, काय तो थाट! काउंटरवरच्या मुलीने कायमचा पत्ता विचारला. मी सवयीने जुनाच सांगितला, तर म्हणाली, अहो, ही तर आपलीच गल्ली. तरी तिने मला गावाचा नकाशा दिला आणि प्रेक्षणीय ठिकाणांवर खुणा करून दिल्या. जन्म गेला त्या गावात मी पर्यटक झाले. भावजयीचा कोट मी हॉटेलच्या पलंगावर बसून, तिच्याकडून दोरा ओवून घेऊन शिवला. खांदा थोडा चढलाय, तिला घालू दे तसाच.

तुला एक सांगायचंय. तिथे सांगणार होते, पण तुझा चेहरा बघून गप्प बसले. निघायच्या आदल्या दिवशी जादा किल्ली द्यायची राहिली म्हणून मी दुकानात गेले. बुकबाइंडर म्हणाला, तुमचे भाऊ काल येऊन गेले. पाच मिनिटं टेबलाखाली बसू का, असं विचारलं म्हणे. त्याला वाटलं, वाळवीबिळवी बघतोयस. मग तुझं तुला बाहेर येता येईना, म्हणून नवरा-बायकोने दोन्ही हात धरून ओढून काढलं. यातलं तू आम्हाला काही बोलला नाहीस. गुडघा जिन्यात आपटला म्हणालास.

तू खाली काय बघत होतास ते बघायला मीही वाकले. मला काही दिसेना. त्याने टॉर्च लावून वाचून दाखवलं. फळीला खालून पेन्सिलीने लिहिलंय, अक्षर तुझंच, वाकडं. गाडी नंबर एक. प्रवासी एक. सुटण्याची वेळ, ताई आली की.

मी परक्या माणसांसमोर रडले. त्याने ते पुसायचं नाही असं कबूल केलंय. शाळेतून मला उशीर व्हायचा आणि तू खाली बसून राहायचास, ते मी विसरून गेले होते रे.

आशीर्वाद आहेत, या वेळी राग वगळून.

तुझी,
ताई


११ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हिला वाचून दाखवायला घेतलं आणि शेवटी तिलाच वाचावं लागलं. खांदा चढलेला कोट ती रोज घालते.

क्लबचं अभिनंदनाचं पत्र आलं. पॉइंट पूर्ण वापरले म्हणून त्यांनी मला पंचवीस पॉइंट बक्षीस दिलेत, मुदत डिसेंबर. त्या मुलीचे तीन फोन आले. मी म्हटलं, जाऊ देत बाद. तिला वाटलं लाइन खराब आहे, तिने दोनदा विचारून घेतलं.

अठरा तारखेचं साधं तिकीट काढलंय. भाचीला सांग, मला जमिनीवर चटई पुरे. दुपारची गाडी आहे, चार-दहाला पोचते. ती नेहमी जवळजवळ रिकामी असते. नोकरीत असताना ती बंद करा म्हणून मीच वर लिहून दिलं होतं. साहेबांनी ऐकलं नाही ते बरं झालं.

तू स्टॉपवर ये, पण उतरणाऱ्यांत मला शोधत बसू नकोस, डोळ्यांना ताण पडेल. मीच हाक मारीन.

तुझा,
कंडक्टर