फुनाबोरी शाखेचा अग्रक्रम

तीर्थरूप रणजितकाकांना जपानातल्या फुनाबोरीहून जयंतीचा वाकून नमस्कार.

तुमची साखर आटोक्यात असेल आणि काकू तुमच्या चहावर नजर ठेवून असेल, असं धरून चालते. (नसेल तर मला कळवू नका, मग मला आईला सांगावं लागेल.) इथे निहार, मी आणि आमची पूर्वी मजेत आहोत. माणूस फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी नाकारतो, तेव्हा महत्त्वाचं ते कागदावर हवं, हा तुमचा नगरपालिकेतला दंडक मी विसरलेले नाही. म्हणून हे हातानं लिहिते आहे. मूळ प्रत टपालानं येईल, फोटो काकूच्या फोनवर आजच पाठवते.

तर काका, आम्हाला स्वराज्य मिळालं. आमच्या मराठी मंडळाचा सगळा कारभार आजवर निशी-कसाईहून चालायचा. निशी-कसाई इथून सायकलनं जाण्याइतकं जवळ, पण मानानं फार लांब. आम्ही फुनाबोरीकरांनी गणपतीत खुर्च्या लावायच्या आणि प्रसादाला शेवटी उभं राहायचं, असा रिवाज होता. तक्रारी फार वाढल्या तेव्हा त्यांनी उन्हाळ्यात ठराव केला, की फुनाबोरी शाखा यापुढे स्वायत्त. तिची समिती वेगळी, आणि वस्तीच्या सभागृहातली रविवारची सकाळही तिची. त्या वेळात काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. (गणपती मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवला. संरक्षण आणि परराष्ट्र खातं केंद्राकडे असतं ना, तसं.) आम्ही पेढे वाटले आणि पहिल्याच रविवारी आमचे तीन पक्ष झाले.

पहिला पक्ष माझा. माझं म्हणणं, त्या वेळात मुलांचा मराठीचा वर्ग घ्यावा, बाकी सगळं मागून. यात माझा स्वार्थ आहे, तो तुमच्यापासून काय लपवायचा. पूर्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं जपानीत. आई व्हिडिओवर विचारते, "जेवलीस का गं?" आणि ही जे काही बोलते ते निहार दुभाष्यासारखा तिला समजावून सांगतो. हल्ली आई तिला काही विचारतच नाही. नुसती मांजर दाखवते, कारण मांजराला कुठलीच भाषा लागत नाही. मला ते फार लागतं, काका. फोन ठेवल्यावर मी उगाच भांडी घासत बसते.

दुसरा पक्ष धीरजचा. हा निहारच्या तोयोसुच्या ऑफिसात आहे, आणि रविवारी क्रिकेट नसेल तर स्वराज्य मिळवलं कशाला, असा त्याचा रोकडा सवाल आहे. (सभागृहात क्रिकेट कसं खेळणार, हे त्याला विचारलं. सभागृहात नियोजन होईल, असं उत्तर मिळालं.) तिसरा पक्ष कुमुदिनीताईंचा. त्यांचे यजमान विद्यापीठात माशांवर संशोधन करतात आणि ताई शुद्ध शाकाहारी आहेत, तेव्हा घरातच विरोधी पक्ष सांभाळायची त्यांना सवय. भाषा पोटातून जाते, म्हणून आधी सण आणि फराळ, असा त्यांचा जाहीरनामा. आणि निहार? तो धीरजच्या पक्षात गेला. मी त्याला डब्यात सलग काही दिवस दुधी दिला, पण निष्ठा ढळली नाही.

मग सुरू झाल्या सभा. दर रविवारी अग्रक्रम ठरवायला जमायचं, आणि ठरेपर्यंत सभागृहाची वेळ संपायची. एकदा धीरजनं सभात्याग केला. पण काका, इथे सभात्याग म्हणजे सोपं काम नाही. दाराशी बसून बूट घालावे लागतात, आणि याच्या बुटांना नाड्या. तोवर याला आठवलं, की आज टेबलं पुसायची पाळी आपली. सभागृह जसं घेतलं तसं परत द्यायचं, हा इथला नियम देवाला चुकला तरी माणसाला चुकत नाही. तेव्हा बूट काढून हा परत आत आला, खाली मान घालून टेबलं पुसली आणि पुन्हा त्याग केला. शेवटी तिन्ही पक्षांनी मिळून कचरा वेगळा केला, जळणारा एका पिशवीत, प्लॅस्टिक दुसऱ्या. एवढ्या एका कामात आमचं एकमत असतं.

सभागृहाच्या किल्ल्या ओगावा-सान नावाच्या आजींकडे असतात. त्या दर वेळी दाराशी हात बांधून आमचा आरडाओरडा ऐकायच्या. एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की तुमची सभा नेमकी सुरू कधी होते? मी म्हटलं, हीच सभा. त्या बिचाऱ्या चक्रावल्या. त्यांच्याकडे म्हणे आधी घरोघर जाऊन एकेकाशी बोलून सगळं ठरवतात, आणि सभेत फक्त माना डोलवतात. मला पटलं. चकलीचा डबा घेऊन मी घरोघर फिरले. (चकली तेलात विरघळली होती, तरी नेली.) प्रत्येक घरी चहा झाला आणि प्रत्येकानं सांगितलं, वर्गच आधी व्हायला हवा, यात वादच नाही. मी हवेत. रविवारी तीच माणसं उठून विरोधात बोलली. कुमुदिनीताईंना जाब विचारला, तर म्हणाल्या, घरी बोलले ते माझं मत होतं, सभेत बोलते ते पक्षाचं. हे वाक्य मी तुमच्या तोंडून लहानपणी ऐकलं आहे.

असं करत पानगळ आली. मोठ्यांची सभा चालू असताना मुलं सरकत्या दारापलीकडे रंगवत बसायची. गेल्या रविवारी ताईंनी लाडू फिरवले, म्हणून आमच्याकडे घटकाभर शांतता झाली, आणि पलीकडचं ऐकू आलं. तिथेही सभा चालली होती. रंगीत खडूंच्या वाटपावर चर्चा होती, आणि ती मराठीत होती. मुद्द्यावर या, मधे बोलू नका, माझा वेळ अजून संपलेला नाही, सगळं ठणठणीत. कुणीतरी सभात्याग करून कपाटात जाऊन बसलं होतं. अध्यक्षस्थानी आमची पूर्वी.

त्याच दिवशी आईचा फोन आला. तिनं सवयीनं मांजर दाखवली आणि सहज म्हणाली, भाजी खात जा गं बाई. पूर्वी फोनजवळ सरकून बसली.

"आजी, तुझं म्हणणं तत्त्वतः मान्य आहे, पण भाजीचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

 आई डोळे पुसत म्हणाली, "अगदी रणजितभाऊजींसारखं बोलते." दोघी किती वेळ बोलत होत्या, मी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात होते, आणि भांडी आधीच घासून झाली होती.

हे ऐकून सगळे पक्ष लोण्यासारखे विरघळले. धीरज आणि कुमुदिनीताई स्वतः घरी येऊन गेले. मराठीचा वर्ग हाच शाखेचा पहिला अग्रक्रम, असा ठराव येत्या रविवारी एकमतानं मंजूर होईल. तुमच्या पुतणीनं फुनाबोरी जिंकली, काका. आनंद वाटला असेल तर काकूला न सांगता एक पेढा खा, अर्धाच.

तुमची लाडकी (हे तुम्हीच म्हणता),
जयंती

ता. क. वर्गासाठी मी आधीच पुण्याहून पुस्तकं मागवली होती, ती आली. पूर्वीला दाखवली, तर तिनं विचारलं, वर्गात सभा असते का? मी म्हटलं, नाही, वर्गात शांत बसून अक्षरं गिरवायची. मग मी येणार नाही, म्हणाली. जपानीत.

आणखी एक ता. क. एकमत झालं की सभा बंद, आणि पोरीची मराठीही बंद. तेव्हा खरं काम हे, की रविवारी एकमत होता कामा नये. ते मोडायचं कसं? तुमच्या कारकिर्दीत नगरपालिकेत एकही ठराव एकमतानं झाला नाही, असं बाबा अभिमानानं सांगायचे. माझा पक्ष मीच फोडावा की कुमुदिनीताईंचा फोडू, एवढं काकूच्या फोनवरून रविवारच्या आत कळवा. निहारला यातलं काही माहीत नाही.

शेवटचं. फोटो काढताना निहारनं हे पत्र वाचलं. तुम्ही ज्या कुणाला फोडाल त्याला निहारच्या पक्षाचा बाहेरून पाठिंबा आहे, असं कळवायला सांगितलं आहे.