इस्त्री लागली तरी मेन पडला नाही

थोरले साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याहून खाली वाकलो की पाठीत चमक भरते. बरेच दिवस जमिनीवर पालथं पडून वायरी ओढल्याचा हा प्रसाद आहे.) आम्ही सगळे इथे सासुरवाडीत मजेत आहोत. ताईंचा गुडघा आता जिने चढू देतो का? तुमचा रक्तदाब काबूत असावा अशी मनापासून इच्छा आहे, कारण पुढचा मजकूर वाचून तो जरासा वर जाण्याचा संभव आहे.

सासूबाईंच्या शिवणवर्गाची काय दशा झाली होती ते तुम्हाला फोनवर कळलंच होतं. या वर्षीची थंडी अशी की बायकांची बोटं सुईत दोरा ओवायला तयार होईनात. घरात विजेचे हीटर तीन, एक वर्गात, एक सासऱ्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या खोलीत आणि एक जेवणघरात. पण घराचा मेन स्विच सोसणार त्यातले दोनच, आणि इस्त्री लावली की तीही एका हीटरची जागा खाणार. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी मेन पडायचा, अंधार व्हायचा, आणि सासरे आतून ओरडायचे, "कोणी लावली इस्त्री?" निम्म्या बायकांनी दुसरा वर्ग बघून ठेवला होता. तुम्ही सल्ला दिलात की मोठं कनेक्शन घ्या आणि ते मिळेपर्यंत वर्ग बंद ठेवा. सल्ला शहाणपणाचा होता, पण त्यासाठी आख्खी गल्ली खणावी लागणार होती आणि तोवर उन्हाळा आला असता. त्या संध्याकाळी सासूबाई एकेका मशीनवर चादर घालत होत्या. चादर नीट बसली तरी पुन्हा पुन्हा ओढत होत्या. ते मला बघवेना. मी म्हणालो, "राहू द्या त्या चादरी. मी करतो काहीतरी."

(हे ऐकून तुमची मेहुणी स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि परत आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं पुरतं.)

माझा एक मित्र विजेची पॅनल बनवतो. बंद पडलेल्या कारखान्यातला एक पीएलसी त्याच्याकडे धूळ खात होता, म्हणजे वीज कधी सोडायची आणि कधी तोडायची हे ठरवणारा डबा. पूर्वी तो बाटल्या धुण्याच्या मशीनवर होता. त्याला जे सांगायचं ते शिडीसारखं काढून सांगायचं असतं. दोन उभे दांडे, मध्ये पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी आणि उजवीकडे काम. सगळ्या अटी जुळल्या तरच काम होणार, एक जरी अडली तरी नाही. मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, पण हे मला चटकन उमगलं, कारण सासुरवाडीत माझं प्रत्येक काम याच पद्धतीने होत आलेलं आहे. तुम्ही थोरले जावई, तुमच्या पायरीवर अटीच नसतात, म्हणून कदाचित नवल वाटेल.

पहिला प्रयोग वर्गातल्या हीटरवर केला. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद, इतकं साधं. पण लाल बटणाची वायर मुळातच उलटी, म्हणजे दाबलं नाही तोवर वीज जाऊ देणारी, आणि शिडीतही मी ती अट पुन्हा उलटी काढलेली. परिणामी लाल बटण दाबून धरलं असेल तरच हीटर चालायचा, हात काढला की बंद. मी चूक शोधत बसलो, पण सासूबाईंना वेळ कुठला? त्यांनी बायकांच्या पाळ्या लावल्या. एकीने डाव्या हाताने बटण दाबून धरायचं आणि उजव्या हाताने काजं करायची. चूक सापडली तेव्हा एक बाई चक्क हिरमुसल्या, भिंतीशी उभं राहून गप्पा छान व्हायच्या म्हणे.

दुसरा घोटाळा सासऱ्यांच्या खोलीत झाला. हीटर ज्या अंशाला बंद व्हायचा त्याच अंशाला चालू व्हावा असं मी लिहिलं होतं. त्यामुळे खोली त्या अंशावर आली की पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, जो टकटक, टकटक करत सुटायचा, तो थांबेचना. सासऱ्यांना वाटलं, दुरुस्तीला आलेलं भिंतीवरचं घड्याळ पळतंय. त्यांनी ते बिचारं धडधाकट घड्याळ पार उघडलं, चाकं पुसली, पुन्हा जोडलं. टकटक चालूच! मग दुसरं उघडलं. मी आत गेलो तेव्हा टेबलावर तीन घड्याळांची आतडी पसरलेली आणि सासरे चौथ्याला कान लावून बसलेले. मी हळूच जाऊन बंद होण्याचा आकडा दोन अंश वर नेला आणि टकटक थांबली. "सापडला दोष," सासरे समाधानाने म्हणाले.

खरी लढाई इस्त्रीची. इस्त्रीने वीज ओढली की डब्याला कळवणारं एक छोटं रिले प्लगपाशी बसवलं, आणि ती लागली की एक हीटर बंद व्हावा अशी पायरी लिहिली. पण कोणता? मी सासऱ्यांचा निवडला. इस्त्री लागली रे लागली की सासरे कानटोपी घालून दारात हजर. "दर वेळी मीच का?" प्रश्न बिनतोड होता. मग टायमर टाकून तिन्ही हीटरांच्या पाळ्या लावल्या. एका वेळी दोन चालू, इस्त्री असेल तेव्हा एकच, आणि कोणीही फार वेळ गारठायचं नाही.

आणि आला तो दिवस! वर्गाने शिवायला घेतलेले दवाखान्याचे गणवेश त्याच दिवशी द्यायचे होते. बाहेर नळाचं पाणी बर्फासारखं, आत सगळ्या मशीनी चालू, झाडून सगळ्या बायका हजर. काम वेळेवर गेलं नसतं तर पुढचं काम नाही, आणि मग वर्गही नाही. सासूबाईंनी इस्त्रीचा प्लग हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. प्लग गेला. डब्यावरचा एक दिवा विझला, दुसरा तेवत राहिला. मेन जागच्या जागी! कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. बायका बोलत राहिल्या, मशीनी चालत राहिल्या, आणि मी एकटाच त्या गोंगाटात दोन्ही हात वर करून उभा. गणवेश वेळेत गेले. ज्यांनी दुसरा वर्ग बघून ठेवला होता त्यांनीच आता आपल्या जावा आणायला सुरुवात केली आहे. संध्याकाळी सासरे कानटोपीशिवाय बाहेर आले, डब्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरं चाललंय." साडूभाऊ, या घरात मला मिळालेला हा पहिला शेरा आहे. मी तो दोनदा म्हणवून घेतला.

ताईंना नमस्कार, मुलांना पाठीवर थाप. आता हे पत्र आवरतो, सासूबाई जावयाच्या हाती स्वतः चहा आणून देताहेत, तो थंड होऊ देणं बरं नव्हे.

आपला,
धाकटा

ता. क. : सासऱ्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय की ही युक्ती थोरल्या जावयाने फोनवर सांगितली असणार. त्यांचा फोन येईल तेव्हा कृपा करून नुसतं 'हं, हं' करू नका. स्पष्ट नाही म्हणा.

आणखी ता. क. : खरं काम राहिलंच. आमची वरची खोली या हिशेबात कुठेच बसली नाही. मेनमध्ये आता चिमणीला ऊब देण्याइतकीही जागा उरलेली नाही. तुमची मेहुणी दोन स्वेटर घालून झोपते आणि माझ्याशी फक्त दात वाजवून बोलते. तरी गरम पाणी भरायच्या रबरी पिशव्या दोन ताबडतोब पाठवा. पार्सलवर 'पुस्तके' असं लिहा. नाहीतर सासरे बघतील आणि दिलेला शेरा परत घेतील.