ओढ्यातलं आडवं झाड

बालिनाहोन, मेयो
२१ सप्टेंबर १९९८

ती. अट्रॅक्टाताईस,
शि. सा. न.

भल्या माणसावर त्याच्याच घरात काय वेळ येते, हे कुणाला तरी कळावं म्हणून लिहितो. गेले तीन शनिवार माझी शेगडीजवळची खुर्ची माझी राहिलेली नाही. माझ्या शेतातल्या ओढ्यात रानट्राउट मासे टिकावेत म्हणून गावातली नऊ माणसं सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात, आणि दुपारी त्यांच्या म्होरक्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या हॅनरॅटीबाई, ओल्या विजारीसकट माझ्या खुर्चीत बसतात. मी उभ्यानं चहा पितो. बावन्नाव्या वर्षी!

तरी माझं मन मोठं. काल चर्चमध्ये मिस्सा आटपून ओढ्याकडे गेलो, तर वळणावर अख्खं झाड आडवं पडलेलं. बाबा म्हणायचे ना, ओढा कसा स्वच्छ हवा? ट्रॅक्टर लावून ओढलं, करवतीनं तुकडे केले, पाणी सरळसोट मोकळं केलं. शनिवारी सगळे आभार मानतील. कसचं कसचं म्हणायची मी आत्तापासून तालीम करतोय.

गुडघा सांभाळ. दुसरा भाऊ नाही म्हणून का होईना, माया ठेव.

तुझा,
मॅलकी


गॉलवे
२४ सप्टेंबर १९९८

चि. मॅलकीस,
अ. आ.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस म्हणून लिहिते. गाढवा, ते झाड पडलं नव्हतं, ठेवलं होतं! तीन शनिवार ती माणसं गारठली ती त्याचसाठी. हॅनरॅटीबाईंनी हे तुलाही सांगितलं म्हणे. तू तेव्हा खुर्चीकडे बघत असणार. आडव्या झाडामुळे पाणी वळसे घेतं, गाळ धुतला जातो, बारीक गोटे स्वच्छ राहतात, आणि नोव्हेंबरात ट्राउटच्या माद्या त्या गोट्यांत अंडी घालतात. अख्ख्या ओढ्यात तेवढं एकच वळण त्यांना उरलंय.

काल बाईंचा फोन होता. पुरानं झाड नेलं म्हणत रडवेल्या झाल्या होत्या. कसला पूर? पंधरवडाभर सर नाही. पण तुझा संशय त्यांच्या मनाला शिवत नाही. इतकी चांगली माणसं मला सोसवत नाहीत. तीस तारखेनंतर ओढ्यात काम करायला बंदी, ती थेट जुलैपर्यंत. म्हणजे यंदाची पिल्लं गेलीच. शनिवारी सरळ कबूल कर.

मोजे पाठवलेत. राग ओसरेपर्यंत आशीर्वाद एवढेच.

ताई


बालिनाहोन
१ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र शनिवारी पोचलं तेव्हा हॅनरॅटीबाई त्याच झाडाच्या आगीवर पाय शेकत होत्या. लाकूड फार धूर करतंय हो मॅलकी, म्हणाल्या, पाण्यातून काढल्यासारखं. कबुली अगदी ओठांवर आली होती, तेवढ्यात त्यांनी मला बिस्किट दिलं. मग म्हणाल्या, चार दिवसांत दुसरं झाड कोण देतंय, यंदाचं राहिलंच.

सोमवारी मी स्वयंपाकघरामागचं पाइन पाडलं. हो, तेच, आईनं वारा अडवायला लावलेलं. रागावू नकोस. मंगळवारी दिवसभर पाण्यात उभं राहून ते एकट्यानं वळणावर खुंट्या ठोकून तारेनं आवळलं. थंडी म्हणजे काय ते मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

काल बाई शेवटचा फेरा मारायला आल्या. ओढ्यावर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग चहाला आत आल्या, मागच्या खिडकीतून नव्यानं दिसणारा डोंगर न्याहाळला आणि म्हणाल्या, पूर मोठा गुणी हो तुमच्याकडचा, नेलेलं परत आणून तारेनं बांधूनही देतो. मी म्हटलं, आमच्याकडचे पूर घरंदाज असतात. दाराशी जाऊन म्हणाल्या, फक्त शेंडा उलट्या बाजूला आलाय. यंदा चालेल, पण जुलैत शिकवू त्याला.

वारा आता थेट कपात येतो. मोजे उबदार आहेत. लोभ आहे तेवढाच राहू दे, कमी नको.

तुझा,
मॅलकी

ता. क. स्वयंसेवकांची हजेरीवही माझ्याच फडताळात असते. घरात कुणी नाही असं बघून जुलैच्या तीन शनिवारांपुढे माझं नाव लिहिलं. त्यांचे तीनच वाया घालवले होते.