बाबांनी दिलेले दात

प्रिय ओडील,

इतक्या महिन्यांनी लिहितेय आणि तेही दातांबद्दल. हसून घे एकदाची.

माझी वरची कवळी आता बसतच नाही. गेल्या रविवारी चर्चमध्ये गाताना ती जिभेवर पडली. खोकल्याचं सोंग करून मी बाहेर पळाले. मंक्टनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दात गेले की हाडाला काम उरत नाही, चोपन्न वर्षांत ते झिजून गेलंय. नवे दात पक्के बसवायचे साधे स्क्रू धरायला तिथे हाडच उरलेलं नाही. एक तर कमरेचं हाड काढून तिथे लावायचं आणि ते जुळेपर्यंत कित्येक महिने थांबायचं. नाहीतर बोटाएवढे लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात, डोळ्याच्या खाली. पकड चांगली बसली तर दोन दिवसांत दात. मी दुसरं निवडलं, पण तेव्हापासून माझा हात सारखा डोळ्याकडे जातो. भीती वाटते गं, खूप भीती वाटते.

त्यांनी विचारलं, एकोणिसाव्या वर्षीच सगळे किडले होते का? मी म्हटलं, छे, चांगले होते, बाबांनी लग्नाची भेट म्हणून काढून दिले, नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आपल्याकडे तेव्हा किती मुलींना हीच भेट मिळायची, आणि मी तर नवी कवळी गावभर मिरवली होती. पुढच्या वर्षी धाकटी म्हणून तुझी पाळी आली, तर तू दात काढायच्या खुर्चीतून उठून तडक माँट्रियाल गाठलंस. मी बाबांच्या बाजूने म्हणाले होते, "असले दात घेऊन बसू दे तिला एकटीला." ते मी अजून विसरलेले नाही, आणि तूही विसरली नसशील.

ओरेल सोबत यायला तयार आहे. मी त्याला बोटीच्या कामांची आठवण करून दिली, तर बिचारा मान डोलावून बोटीकडे निघून गेला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला कवळीशिवाय पाहिलेलं नाही. मी झोपतेही ती घालूनच. तो अजून माझ्याकडे बघून शीळ घालतो, ओडील. दोन दिवस सुजलेलं, पोकळ तोंड घेऊन मी त्याच्यासमोर कशी बसू?

दवाखान्याच्या कागदावर सोबत येणाऱ्याचं नाव लागतं. तिथे मी तुझं नाव लिहिलंय, पेन्सिलने. दात काढले त्या दुपारी माझ्या हनुवटीखाली पातेलं धरून तूच बसली होतीस, आणि नजर फिरवली नव्हतीस. माझं ते तोंड घरच्यांत फक्त तूच पाहिलंयस. मंगळवारी सकाळी सातला बोलावलंय. येशील?

तुझीच, अजून घाबरट,
लेओंतीन