बागविस कॉम्प्युटरचं पाचवं नाव

३ जून १९९८
लग्नाच्या पहिल्याच वर्षी आर्तुरो म्हणाला होता, "ऑरिंग, तुझ्या तोंडून 'नाही' काढायचं तर वकील लावावा लागेल." आज वकील लावला. आर्तुरो बघायला नाही. असता तर आधी हसला असता आणि मग वकिलाला जेवायला बोलाव म्हणाला असता.
सेबू शहरातल्या आम्ही एकोणीस डीलरनी बागविस कॉम्प्युटर कंपनीवर खटला भरायचं ठरवलं. वॉरंटीतली बंद मशिनं कंपनी परत घेत नाही, पार्ट पाठवत नाही. सिस्टर फेलिसिदादच्या शाळेला मी तीस मशिनं दिली, त्यातली अकरा बंद. ती सुरू झाली नाहीत तर शाळा जाईल आणि शाळा गेली की माझं दुकान. उद्या दहा वाजता नोटरीकडे सही. मन पक्कं.

४ जून
सही राहिली. नोटरीला यंदाची रहिवासी कराची पावती लागते, माझी गेल्या वर्षीची निघाली. यात माझा दोष नाही.
माझी लेक जिना म्हणते, पावती काढायला दहा मिनिटं लागतात. ती बारा वर्षांची आहे. तिला खटल्यातलं काय कळतं!

९ जून
पावती काढली. सही राहिली. निघणार तोच डोमिंग आला, पान्सित नूडलचं सुपाएवढं ताट घेऊन. कंपनी त्याची, कबूल. पण तो जिनाचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्यापासून तो माझा कुमपारे, मी त्याची कुमारे. त्याला दारातून कसं परतवायचं?
म्हणाला, "कुमारे, सगळे माझ्यावर उठलेत. तू तरी पाच मिनिटं शेजारी बस." बसले. पार्टचं विचारलं. "बोट निघालीय, कुमारे."
मी अजिबात नरमले नाही. नूडल दुसऱ्यांदा वाढून घेतल्या, पण गंभीर चेहऱ्याने.

१७ जून
डीलर संघाच्या अध्यक्ष मिसेस तानसेको दुकानात आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "अठरा सह्या झाल्या. एकोणिसावी कुठे अडकलीय? नूडलमध्ये?"
मी सांगितलं, मी आतली बातमी काढतेय. हे आधी सुचलं नव्हतं, पण खरंच आहे.
"मग काय निघाली बातमी?"
"बोट निघालीय."
"कुठून?"
हे विचारायचं राहिलं.

२ जुलै
सही केली! येताना चर्चमध्ये डोमिंगसाठी एक मेणबत्ती लावली. तिचा खटल्याशी संबंध नाही.
शाळेतली बंद मशिनं आता चौदा. पण आता कोर्ट बघून घेईल.

२८ जुलै
कोर्टाचा माणूस पाकीट देऊन गेला. वाटलं, तारीख कळवली. समन्स निघालं. प्रतिवादींमध्ये आधी कंपनी, मग तिचे पाच संचालक. पाचवं नाव, ऑरेलिया डुमलाओ. म्हणजे मी. छपाईची चूक, म्हणून वकिलाला फोन केला.
चूक नाही म्हणे. संचालकांची नावं कंपनीच्या नोंदणीच्या कागदावरून घेतलीत आणि त्यावर माझी सही आहे, १९८६ची.
आठवलं. जिनाच्या बाप्तिस्म्याचं जेवण. अख्खं डुक्कर भाजलेलं, पाहुणे हात चाटतायत आणि डोमिंग कागद घेऊन उभा. "कुमारे, कंपनी नोंदवायला पाच नावं लागतात. चार झालीत." मी मांडीवरचं मूल सावरत सही केली. सकाळी त्याने चर्चच्या वहीत माझ्या मुलीसाठी केली, दुपारी मी त्याच्या कंपनीसाठी. फिट्टंफाट. नंतर विसरूनही गेले.
वकील म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःवरच खटला भरलाय. आणि तुमचं प्रतिज्ञापत्र सगळ्यांत जोरदार आहे."
नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

३० जुलै
शांतपणे विचार केला. संचालक म्हणजे मालकांपैकीच एक. बारा वर्षं माझ्या हातात अधिकार होता आणि मी पार्टसाठी हात जोडत होते! संचालकांची मीटिंग बोलावते. सगळं सरळ होईल.

८ ऑगस्ट, दुपारी ४
मीटिंग. दुकानात पाच खुर्च्या मांडल्या, तांदळाचे वाफवलेले पुतो आणले. पाचांतला एक संचालक तीन वर्षांपूर्वी वारला. दोघे कॅलिफोर्नियात. डोमिंग पार्ट आणायला हाँगकाँगला गेलाय, असं कारखान्याचा वॉचमन म्हणाला. कधी येणार, ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही.
हजर मी. बंद मशिनं पंधरा दिवसांत दुरुस्त करण्याचा ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त जिनाने लिहिलं आणि चार संचालकांचे पुतो खाल्ले.
"आई, विरोधात कोणीच नव्हतं," ती म्हणाली. "पण बाजूनेही तुझ्याशिवाय कोणी नव्हतं ना."

१२ ऑगस्ट
ठराव द्यायला स्वतः गेले. कारखान्याला कुलूप. वॉचमनही नाही. फाटकाखालून आत सरकवला.

२१ ऑगस्ट
सिस्टर स्वतः आल्या. मुलींना पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं फिरवायला शिकवतायत. "दुसऱ्या कंपनीची मशिनं आता मिसेस तानसेकोंकडून घेतोय, ऑरिंग. रागावू नकोस."
रागावले नाही. त्यांनी मला जवळ घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
एक शाळा गेली म्हणजे दुकान गेलं असं नाही.

५ सप्टेंबर
दुकानाला सील. निकालापर्यंत प्रतिवादींची मालमत्ता जप्त ठेवायचा कोर्टाचा हुकूम. कारखाना भाड्याचा, डोमिंगचं घर बायकोच्या नावावर. पाच संचालकांपैकी पत्त्यावर सापडली ती मी. मी बेलिफला म्हटलं, असा अर्ज करणारी माणसं आहेत तरी कोण? त्याने कागद उलटून दाखवला. एकोणिसावी सही माझी.
"तुमचाच अर्ज आहे, मॅडम," तो म्हणाला. भला माणूस. सील लावण्याआधी त्याने मला आर्तुरोचा फोटो आणि छत्री बाहेर काढू दिली.

८ सप्टेंबर
उद्या शेजारच्या मांदावे गावच्या कोर्टात सुनावणी. डीलरनी व्हॅन ठरवलीय, सकाळी सातला. मला कोणी कळवलं नाही, जिनाला शाळेत कळलं. मिसेस तानसेकोंना चिठ्ठी लिहिलीय. नाहीच म्हणतील. त्यांच्या जागी मीही 'नाही' म्हणाले असते, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. चिठ्ठी इथे उतरवून ठेवते.
"मिसेस तानसेको, व्हॅनमध्ये मागे एखादी जागा उरली तर मला न्याल का? वाटेत मी खटल्याचं बोलणार नाही. कोर्टात पोचल्यावर मी पलीकडच्या बाजूला जाऊन बसेन. तिकडे मी एकटीच असणार आहे, म्हणून निदान जाताना तुमच्या सगळ्यांबरोबर येऊ द्या."